चिली-लाइम मसाला नुसता फळांवर भुरभुरून संपवू नका

ताहिन हा मेक्सिकोचा मसाला, म्हणजे सुकी मिरची, लिंबू आणि मीठ. आंबा, काकडी, कलिंगडावर तर सगळेच टाकतात, पण खरी मजा पुढे आहे. मक्याचं कणीस भाजून गरम असतानाच बटर लावा आणि वरून अर्धा चमचा मसाला, बटरमुळे तो दाण्यांना मस्त चिकटतो. पॉपकॉर्नचंही तेच, कोरड्यावर टाकला की सगळा वाटीच्या तळाशी जातो, म्हणून आधी थोडंसं वितळलेलं बटर, पण जास्त नको नाहीतर पॉपकॉर्न मऊ पडतात (माझे पडलेत, दोनदा).

दह्यात एक चमचा कालवला की पाच मिनिटांत डिप तयार. उकडलेल्या अंड्यावर तर मला आता साधं मीठ-मिरी चालतच नाही. ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवायची, बशीत मसाला पसरून कड त्यात टेकवायची, सरबत लगेच भारी वाटतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मसाल्यात मीठ असतंच, त्यामुळे पदार्थात आधी मीठ कमी घाला. आणि वाफेच्या भांड्यावर डबी उलटी करू नका, आत गुठळ्या होतात, हातावर घेऊनच टाका.