घरशाळेत इयत्तेची यादी कशी वापरावी

मूल घरीच शिकत असेल तर 'आपण मागे तर पडत नाही ना?' ही धाकधूक असतेच. त्यासाठी महागडा अभ्यासक्रम विकत घेऊ नका. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर त्या त्या इयत्तेच्या 'अध्ययन निष्पत्ती' (त्या वर्षात मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी) दिलेल्या असतात, आणि ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळतात. धडे बाजूला ठेवून आधी ती यादी वाचा.

एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेच्या २०१७ च्या यादीत तिसरीला पाढ्यांबाबत अपेक्षा आहे ती २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे रोजच्या व्यवहारात वापरण्याची. तेव्हा तिसापर्यंत घोकून घेण्यापेक्षा मुलाला दुकानातून पाच रुपयांचे सहा पुडे आणू द्या, हिशेब त्यालाच करू द्या. जमला की यादीतल्या त्या ओळीपुढे तारीख टाका. रोज यादी घेऊन मुलाच्या मागे लागू नका. दोन-तीन महिन्यांतून एकदा पाहिली तरी पुरे.

वाचनात पाचवीचं आणि गणितात तिसरीचं असलेलं मूल घरी खुशाल तसं राहू शकतं, मला तर घरशाळेचा खरा फायदा तोच वाटतो. मात्र एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) मुक्त मूलभूत शिक्षणाची परीक्षा द्यायची असेल तर तिचे ए, बी, सी स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष आहेत; त्या इयत्तांच्या याद्या सगळ्या विषयांत नीट तपासा.