मेच्या दुपारी टिकेल असा फोन: 8 ते 15 हजारांतली पारख

दुकानात हातात घेतलेला नवा फोन झपाझप चालतोच. त्याचं स्टोरेज रिकामं असतं, डोक्यावर एसी असतो, आत सिम नसतं आणि व्हॉट्सॲपवर चाळीस ग्रुप नसतात. त्याचा कस लागतो सहा-आठ महिन्यांनी. मे महिना, सोलापूरचा पारा 42-43 वर, दुपारचे दोन, स्टोरेज भरत आलेलं, पेट्रोल पंपावर यूपीआयने पैसे द्यायचेत आणि नेमका तेव्हाच स्कॅनर उघडत नाही. स्वस्त फोन निवडताना हा सगळ्यात वाईट तास डोळ्यांपुढे ठेवावा. खाली दिलेल्या चाचण्या त्या हिशेबानेच मांडल्या आहेत.

डब्यावर मोठ्या अक्षरांत नसतं ते

सगळ्यात आधी विचारा, स्टोरेज ई-एमएमसी आहे की यूएफएस. डब्यावर "128 जीबी" ठळक असतं, प्रकार बहुधा नसतोच. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात तो सापडतो. ई-एमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, दोन्ही कामं एकदम करू शकत नाही. यूएफएस करू शकतं. वेगातही फरक मोठा आहे: ई-एमएमसी 5.1 चा वाचनाचा वेग सेकंदाला साधारण 300 एमबीच्या आत राहतो, यूएफएस 2.2 चा त्याच्या तिपटीच्या आसपास जातो. म्हणून मागे प्ले स्टोअर ॲप अपडेट करत असेल, व्हॉट्सॲप फोटो उतरवत असेल आणि तुम्ही कॅमेरा उघडला, तर ई-एमएमसीचा फोन अडतो. "फोन हँग होतो" म्हणून प्रोसेसरला दोष दिला जातो, पण बऱ्याचदा अडलेलं असतं ते स्टोरेज.

तपासायचं असेल तर डेमो फोनवर दीड-दोन जीबीचा व्हिडिओ एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा. मूव्ह नको, कॉपीच. यूएफएसवर काम काही सेकंदांत उरकतं. ई-एमएमसीवर पंधरा-वीस सेकंद किंवा त्याहून जास्त जातात. कॉपी चालू असतानाच कॅमेरा उघडून बघा, फरक लगेच कळतो.

रॅमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. 4 जीबी हा किमान आकडा आहे, 6 जीबीत माणूस निवांत राहतो. 4 जीबीतली दोन-अडीच जीबी तर अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची ॲपच खातात. "4+4 म्हणजे 8 जीबी" असं कुणी सांगितलं तर त्यातली दुसरी चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली असतात, हे लक्षात ठेवा. स्टोरेज ई-एमएमसी असेल तर ही उसनवारी फोनला आणखी मंद करते. चाचणी सोपी आहे: क्रोम, मॅप्स, यूट्यूब, कॅमेरा, गॅलरी, सेटिंग्ज, एखादी पीडीएफ अशी सात-आठ ॲप एकामागून एक उघडा आणि परत पहिल्यावर या. क्रोमचं पान होतं तिथेच उघडलं तर ठीक. पान पुन्हा पहिल्यापासून लोड झालं, तर रॅम अपुरी आहे. रोजच्या वापरात ओटीपी बघायला मेसेज उघडल्यावर भरत आलेला फॉर्म जातो, तो याच कारणाने.

प्रोसेसरच्या "आठ कोर" या शब्दांना भुलू नका. कोर म्हणजे चिपमधला काम करणारा एकेक भाग. आठही कोर ए53 या कमी ताकदीच्या जातीचे असतील (हेलिओ जी36, जी37 या चिप त्यातली उदाहरणं), तर फोन पहिल्या वर्षीच थकतो. दोन तगडे कोर हवेत. हेलिओ जी85 किंवा युनिसॉक टी606 मध्ये दोन ए75 आहेत, म्हणजे काम भागतं. डायमेन्सिटी 6300 मध्ये दोन ए76, स्नॅपड्रॅगन 4 जेन 2 मध्ये दोन ए78 आहेत. हे दोन्ही अनुक्रमे 6 आणि 4 नॅनोमीटरवर बनतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा शेवटचा आकडा कामाचा ठरतो, कारण तेवढंच काम करताना लहान नॅनोमीटरची चिप सहसा कमी तापते.

दुकानातला अर्धा तास

नवी पेठेत किंवा कुठेही जाल तेव्हा दुपारी जा. संध्याकाळी दिव्यांत सगळेच स्क्रीन सुंदर दिसतात. ब्राइटनेस पूर्ण करून फोन दुकानाच्या पायरीवर उन्हात आणा आणि पांढऱ्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. सावलीसाठी हाताचा आडोसा करावा लागला, तर स्कूटरवरून उतरून उन्हात क्यूआर दाखवताना रोज तेच करावं लागेल. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. 450-500 निट्सचा एलसीडी स्क्रीन आपल्या उन्हात कमी पडतो, 600 च्या पुढचा चालतो. जाहिरातीतला "पीक" आकडा बाजूला ठेवा, तो सहसा स्क्रीनच्या छोट्याशा भागात किंवा थोडा वेळच मिळतो. एचडी प्लस की फुल एचडी प्लस यात अडकू नका. पैसे मर्यादित असतील तर उजेड आधी, बारकावा नंतर.

मग बोटाचा ठसा. सोलापुरात याला विशेष महत्त्व आहे. विड्या वळून, सूत हाताळून, भांडी-धुणं करून बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजतात. आधारच्या मशीनवर ठसा उमटत नाही हा अनुभव इथल्या कितीतरी घरांत आहे, आणि फोनचा सेन्सरही त्याच रेषा शोधत असतो. तेव्हा फोन आईसाठी किंवा मावशीसाठी घेत असाल तर त्यांनाच दुकानात घेऊन जा, दुकानदाराच्या बोटावर चाचणी नको. अंगठ्याऐवजी कमी झिजलेलं बोट निवडा, बहुतेकदा अनामिका किंवा करंगळी. तेच बोट दोनदा नोंदवा, दुसऱ्यांदा थोडं तिरकं धरून. मग वीस वेळा लॉक उघडून बघा. अठरा वेळा उघडला तर उत्तम. पंधराच्या खाली गेला तर पिन वापरायची तयारी ठेवा किंवा दुसरं मॉडेल बघा. कोरड्या बोटाला किंचित तेलाचा हात लावला की बरेचदा काम होतं. फोनच्या कडेला बटणातच सेन्सर असेल तर जाड बॅक कव्हर लावूनही एकदा तपासा, कारण कव्हरच्या उंच काठांमुळे बोट नीट टेकत नाही.

एक फोन लावा आणि कानाला धरा. स्क्रीन लगेच काळी व्हायला हवी. काही स्वस्त फोनांत खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर नसतो, सॉफ्टवेअर अंदाजाने काम चालवतं. मग बोलता बोलता गालाने म्यूट दाबलं जातं, कॉल होल्डवर जातो. वयस्कर माणसांना हा त्रास फार होतो आणि चूक आपलीच आहे असं त्यांना वाटत राहतं.

मॅप्स उघडून जागच्या जागी फिरा. निळ्या ठिपक्याची दिशा तुमच्याबरोबर वळली पाहिजे. वळली नाही, तर फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर नाही किंवा तो बिघडलेला आहे. मधला मारुतीच्या आसपासच्या बोळांत डिलिव्हरी करणाऱ्याला असा फोन उपयोगाचा नाही, कारण उभ्या जागी कुठल्या बाजूला वळायचं ते त्याला कळणारच नाही.

कीबोर्डही तिथेच बघून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात एकाच ग्रुपवर तेलुगू, मराठी, हिंदी असं सगळं चालतं, तर कुठे कन्नडही असतं. जीबोर्डमध्ये तुमच्या भाषा जोडून दोन ओळी भराभर टाइप करा. बोट पुढे आणि अक्षर मागे असं नव्या फोनवरच होत असेल, तर वर्षभराने तो फेकून द्यावासा वाटेल.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. डब्यावरचे तीन-चार कॅमेरे मोजू नका. 2 मेगापिक्सेलची मॅक्रो आणि डेप्थ भिंगं ही भरती आहे. मुख्य कॅमेऱ्याने दोनच गोष्टी करून बघा: दुकानाच्या कमी उजेडाच्या कोपऱ्यातला क्यूआर किती पटकन पकडतो, आणि चालत्या माणसाचा फोटो फाटतो का. या किमतीत लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा जवळपास नसते आणि नाइट मोडला दोन-तीन सेकंद लागतात. त्यामुळे जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम टिपायचं असेल, तर फोन टेकवूनच काढावा लागेल.

घरी, पहिल्या सात दिवसांत

ऑनलाइन घेतलेल्या फोनला बऱ्याचदा सातच दिवसांची बदलून देण्याची मुदत असते. म्हणून पुढची कामं लांबणीवर टाकू नका. डबा फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

रेंजची चाचणी जुन्या फोनबरोबर करा, तेच सिम आणि तीच जागा. घरात रेंज सगळ्यात कमी येते तिथे उभे राहा, स्लॅबच्या घरात ती बहुतेकदा आतली खोली असते. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ दिसते. 4जी वर उणे 85 डीबीएम चांगली, उणे 105 कमजोर, उणे 115 ला कॉल तुटायला लागतात. आकडे दर क्षणी हलतात, तेव्हा मिनिटभर थांबून सरासरी धरा. दोन फोनांत तीन-चारचा फरक सोडून द्या. नवा फोन सतत आठ-दहाने मागे असेल, तर त्याचा अँटेना कमकुवत आहे आणि पुढे तो सुधारणार नाही. परत करा. कमकुवत अँटेना बॅटरीही जास्त खातो, कारण टॉवर धरून ठेवायला फोनला जास्त ताकद लावावी लागते.

5जी साठी पैसे मोजत असाल तर दोन गोष्टी बघा: एन28 आणि एन78 हे बँड (5जीच्या लहरींचे पट्टे) आहेत का, आणि एसए (स्वतंत्र 5जी) व एनएसए (4जीच्या आधाराने चालणारं 5जी) दोन्ही चालतात का. काही अगदी स्वस्त 5जी फोन फक्त एसए धरतात. तुमच्या कंपनीचं तुमच्या भागातलं 5जी एनएसए असेल, तर असा फोन 4जी वरच राहील.

तापण्याची चाचणी दुपारी दोनच्या सुमारास, पंख्याखाली पण एसीशिवाय. हॉटस्पॉट चालू ठेवून पंधरा मिनिटं व्हिडिओ शूट करा. फोन कोमट होणारच. कॅमेरा आपोआप बंद पडला, स्क्रीन स्वतःहून मंद झाली किंवा लगेच नंतर व्हॉट्सॲप उघडायला दुप्पट वेळ लागला, तर तो फोन आपल्या उन्हाळ्याला पुरणार नाही. याच वेळी स्टोरेजही बघता येतं: फुल एचडीत मिनिटाला साधारण 125 एमबी जातात, म्हणजे पंधरा मिनिटांत जवळपास दोन जीबी. 64 जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम वगळून 45 च्या आसपास उरतात. हिशेब तुम्हीच करा. स्टोरेज 85-90 टक्क्यांवर गेलं की नवीन लिहायला मोकळी जागा शोधण्यात आणि जुनं पुसण्यात चिपचा वेळ जातो, फोन मंदावतो. म्हणून 128 च घ्या, आणि मेमरी कार्डाची जागा दुसऱ्या सिमच्या वाट्याची तर नाही ना तेही बघा.

चार्जिंग 10 टक्क्यांवरून सुरू करून घड्याळ लावा. 5000 एमएएचची बॅटरी 10 वॉटवर अडीच-तीन तास घेते, 18 वॉटवर दोनच्या आसपास, 33 वॉटवर सव्वा तास. उन्हाळ्यात याहून जास्त लागेल. बॅटरी गरम झाली की फोन मुद्दाम चार्जिंग मंद करतो, फार तापली तर थांबवतो, आणि ते योग्यच आहे. पत्र्याच्या खोलीत, उशीवर, जाड कव्हरसकट चार्ज करू नका. फरशीवर ठेवा. डब्यात चार्जर नसेल तर त्याचे पैसे फोनच्या किमतीत धरा.

यंत्रमागाच्या कारखान्यात फोन वापरला जात असेल तर आणखी एक दुखणं आहे. सुताची बारीक तूस चार्जिंगच्या पिनेत, म्हणजे केबल घालायच्या खाचेत, साचून दाबली जाते. केबल सैल बसते, तिरकी धरल्याशिवाय चार्ज होत नाही, आणि माणूस पिन बदलायला धावतो. आधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तूस काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतले संपर्क वाकतात. असा वापर असेल तर आयपी54 किंवा वरच्या मानांकनाचा फोन बघा; धूळ-पाण्यापासून फोन किती वाचतो ते हे मानांकन सांगतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. मात्र पिनेत साचणारी तूस आयपीनेही थांबत नाही, महिन्याला एकदा साफसफाई करावीच लागते.

किंमत महिन्याने मोजा

9,000 चा फोन दोन वर्षांत कंटाळा आणत असेल, तर महिन्याला 375 रुपये पडले. 12,500 चा साडेतीन वर्षं चालला, तर 298. साडेतीन वर्षं चालेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं. एक, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने लिहून दिलं आहे का. दोन, वरची तापण्याची आणि स्टोरेजची परीक्षा. तीन, दुरुस्ती. घेण्याआधी तुमच्या नेहमीच्या रिपेअरवाल्याला विचारा: या मॉडेलचा फोल्डर (स्क्रीनचा पूर्ण संच) कितीला बसतो, बॅटरी आणि चार्जिंगची पट्टी मिळते का? एलसीडी स्क्रीनचा फोल्डर अमोलेड स्क्रीनच्या फोल्डरपेक्षा बराच स्वस्त असतो. अगदी नव्या, कमी खपाच्या मॉडेलचे पार्ट शहरात मिळत नाहीत, पुण्याहून मागवावे लागतात आणि तोवर फोन बंद. हप्त्यावर घेत असाल तर "नो कॉस्ट" म्हटलं तरी प्रोसेसिंग फी किती आणि रोख घेतल्यास सूट किती, हे दोन आकडे एकत्र मांडून बघा.

जुना फोन घेताना वरच्या सगळ्या चाचण्या कराच, शिवाय *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट निघाला तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. विकणाऱ्याला त्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला सांगा आणि मग रीसेट करा. नुसता रीसेट केला आणि खातं आत राहिलं, तर सुरू करताना फोन जुनाच पासवर्ड मागतो आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. मूळ बिल घ्या, त्यावरचा आयएमईआय जुळवा आणि बिलाचा फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा. नव्या फोनच्या बिलाचंही तसंच करा. वॉरंटीवरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोलताना हेच बिल आधी मागतात.