फ्लॅश घेताना आधी मान बघा

कॅमेऱ्यावर वेगळा चढवायचा बाहेरचा फ्लॅश घेताना सगळे गाईड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, बघतात, पण मी म्हणेन आधी त्याचं डोकं वर आणि बाजूला दोन्हीकडे वळतंय का ते बघा, कारण खरी मजा बाऊन्समध्ये, म्हणजे उजेड छतावर किंवा भिंतीवर आपटवून घेण्यातच आहे, फ्लॅश सरळ तोंडावर मारला की चेहरा सपाट दिसतो, कपाळ चमकतं आणि मागे भिंतीवर काळी सावली. तोच पांढऱ्या छताकडे वळवा, उजेड एकदम मऊ पडतो. छत रंगीत असेल तर मात्र तोच रंग चेहऱ्यावर उतरतो.

गाईड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ नंबर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा), म्हणजे ६० वाला फ्लॅश आयएसओ १०० (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) आणि एफ/४ ला १५ मीटर पोचतो. पण कंपन्या हा आकडा बरेचदा फ्लॅशचा झूम पूर्ण ताणून, म्हणजे उजेडाचा झोत अगदी अरुंद करून देतात, त्यामुळे जरा जपूनच. बाऊन्सला उजेड बराच कमी होतो, तेव्हा आयएसओ ४००-८०० बिनधास्त ठेवा.

टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, हवं असेल तर तुमच्याच कॅमेरा ब्रँडसाठीचं मॉडेल घ्या. आणि हो, फिल्मच्या जमान्यातला जुना फ्लॅश डिजिटलवर चढवू नका, काहींचं ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश उडवताना कॅमेऱ्याच्या संपर्कावर येणारा विजेचा दाब) इतकं जास्त असतं की कॅमेरा खराब होऊ शकतो.