लहानपणीचा पदार्थ हलका करताना या चुका टाळा

पहिला घास घेतला की लगेच कळतं: रंग जमलाय, आकारही तोच, पण घरी मिळायची ती चव नाही. तेल-साखर कमी केली की असं होणारच, असं समजून बरेच जण पुन्हा जुन्या प्रमाणावर जातात, नाहीतर तो पदार्थच सोडून देतात. मला हे पटत नाही. आठवणीतली चव बरीचशी राखता येते. कपात कुठे करायची ते आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेल सरसकट निम्मं करणं. मसाल्यांचा वास मुख्यतः तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून मसाला कोरडाच भाजून वर पाणी ओतलं की पदार्थ तिखट लागतो, खमंग लागत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. चौघांत वाटले तर माणशी ३०. एवढं तेल मसाला परतायला खुशाल वापरा. कांद्याला मात्र तेलात पोहायची गरज नाही. तळाला लागू लागला की पाण्याचा हबका द्या, पाणी आटू द्या, पुन्हा परता. वेळ जास्त जातो, पण छान तांबूस रंग येतो. घाई केली तर तेल वाचतं आणि चव जाते.

तळण टाळून ओव्हन किंवा एअर फ्रायर वापरताना पदार्थ ओलाच आत ठेवला जातो. पाणी असेपर्यंत वरचा थर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकतो, आणि खरपूस रंगाला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणून वरून कोरडं टिपून घ्या, तेलाचा हलका हात फिरवा आणि तुकड्यांमध्ये अंतर ठेवा. दाटीवाटीने ठेवलेले तुकडे भाजत नाहीत, वाफवले जातात.

तळायचंच असेल तर आच फार मंद ठेवू नका. तेल १७० ते १८० अंशांवर असू द्या. शिवाय बरंचसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर, गार होताना आत ओढलं जातं. त्यामुळे काढल्या काढल्या निथळून कागदावर टिपा. पंधरा मिनिटांनी टिपून फारसं काही निघत नाही.

मलईऐवजी कमी स्निग्धांशाचं दही उकळत्या रश्शात घातलं की ते हमखास फुटतं. आधी फेटून, वाटीभर दह्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर लावून, मंद आचेवर थोडं थोडं घाला.

साखर पहिल्या खेपेला पावभागच कमी करा. भाजलेल्या गोड पदार्थात ती ओलावाही धरते आणि रंगही आणते. गार खायच्या पदार्थाची गोडी गरम असताना ठरवू नका. गार झाल्यावर तो कमीच गोड लागतो.

तेल, साखर आणि मलई एकाच दिवशी बदलली तर बिघडलं कशाने हे कळणार नाही. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रमाण लिहून ठेवा.

आणि तो पदार्थ करणारं घरचं माणूस अजून असेल, तर नुसती कृती विचारू नका, शेजारी उभं राहून बघा. कांदा कोणत्या रंगावर थांबवतात, ‘थोडं’ म्हणजे नेमकं किती, हे त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या हातात दिसतं.