मोठी हार्ड डिस्क घेताय? या चुका टाळा

"८ टीबीमध्ये सगळ्यात स्वस्त कोणती?" असा फोन आला की मी उलट विचारतो, "ठेवणार काय तिच्यात?" पलीकडे जरा विचार होतो आणि उत्तर येतं, "सगळंच." निम्मा घोटाळा तिथेच झालेला असतो. ठाण्यापासून पनवेलपर्यंत लोकांचे पीसी जुळवून देणं आणि बिघडलेले उघडणं हा माझा धंदा. मदरबोर्ड बदलले, प्रोसेसर बदलले, पण हार्ड डिस्क घेताना होणाऱ्या चुका काही बदलल्या नाहीत. रोज तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

एक गोष्ट आधीच. विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर टाका. पुढचं सगळं फक्त साठवणीच्या डिस्कबद्दल आहे.

टीबी मोजले, मॉडेल नंबर वाचलाच नाही

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दुकानदार दोन डिस्क पुढे ठेवतो. दोन्ही ८ टीबीच्या, कंपनी एकच, किमतीत मात्र काही हजारांचा फरक. गिऱ्हाईक स्वस्त उचलतं, "कंपनी तीच आहे ना?" म्हणतं. कंपनी तीच असते, पण आत लिहिण्याची पद्धत वेगळी असते. एक सीएमआर, दुसरी एसएमआर.

सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी, आपापल्या जागेत असतात. एसएमआरमध्ये एका ट्रॅकची कड दुसऱ्यावर चढवलेली असते, छपरावरच्या कौलांसारखी. तेवढ्याच तबकडीवर जास्त माल बसतो, म्हणून डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली उचलावी लागतात. डिस्कलाही तसंच एका छोट्या बदलासाठी अख्खा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे तुम्हाला जाणवू नये म्हणून ती आलेला डेटा आधी एका राखीव भागात पटकन उतरवून घेते आणि निवांत वेळ मिळाला की जागच्या जागी लावत बसते. राखीव भाग भरला, की वेग कोसळतो.

कळव्याला एक जण लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू. त्याने अशीच एक ८ टीबी घेतली आणि पहिल्याच रविवारी तीन-चार कॅमेऱ्यांचं फुटेज कॉपीला लावलं. सुरुवातीला सेकंदाला १८०-१९० एमबी. गडी खूश, जेवायला गेला. परत येऊन बघतो तर वेग वीसच्या घरात आणि उरलेला वेळ मिनिटांवरून तासांवर गेलेला. त्याला वाटलं डिस्क खराब आहे. दुकानदाराने कुरकूर न करता बदलून दिली. दुसरीचंही तेच. मग केबल बदलली, अँटिव्हायरस उडवला, कुणाच्या तरी सल्ल्याने विंडोज नव्याने टाकलं. नवरीकडच्यांचे "व्हिडिओ कधी देताय?" म्हणून फोन सुरू होते ते वेगळेच.

माझ्याकडे कॅबिनेट घेऊन आला तेव्हा त्याची मुख्य तक्रार वेगाची नव्हतीच. "दादा, काहीच चालू नसताना डिस्क खर्र खर्र करते, नक्की व्हायरस आहे." मी साइडचं पॅनेल काढलं, डिस्क बाहेर घेतली, लेबलवरचा मॉडेल नंबर मोबाइलवर टाकला. एसएमआर. ती खरखर म्हणजे राखीव भागातला डेटा जागेवर लावण्याचं काम. आणि हा भला माणूस आवाजाला घाबरून दर वेळी मागचं बटण दाबून मशीन बंद करत होता, म्हणजे तिला ते काम पुरं करूच देत नव्हता. त्याच्या दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, चुकीच्या कामाला लावल्या होत्या इतकंच. हातातली आम्ही झालेली लग्नं ठेवायला दिली आणि रोजच्या कामासाठी एनएएस (घर-ऑफिसच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा) वर्गातली सीएमआर घेतली.

डिस्क कोणत्या प्रकारची हे सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, तिघंही आपापल्या साइटवर आता उघड सांगतात. २०२०च्या आधी हे इतकं सरळ नव्हतं. वेस्टर्न डिजिटलच्या एनएएससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे नाव मिळालं. आजच्या घडीला सीगेट आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटल रेड प्लस, रेड प्रो आणि गोल्ड, तोशिबा एन३०० डोळे झाकून सीएमआर समजा. सीगेटच्या सर्व्हरवाल्या एक्सॉसही बहुतेक सीएमआरच, पण नंबर बघून घ्या. सीगेटच्या बॅराकुडा मालिकेतली ८ टीबी, एसटी८०००डीएम००४, एसएमआर आहे. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लूमध्ये क्षमतेनुसार दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून रंगावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा. दुकानदाराला विचारलंत तर तो "सगळ्या सेमच असतात" म्हणेल. त्याची चूक नाही, त्याला विकायचंय.

एसएमआर टाकाऊ आहे असंही माझं म्हणणं नाही. एकदा भरली, मग फक्त बघायची, अशा कामाला ती बरी. RAIDमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा सांभाळतात तिथे (वरची रेड मालिका नव्हे), मात्र लावू नका. एक डिस्क गेल्यावर नवीवर डेटा परत उभारायची वेळ येते तेव्हा ती इतकी रखडते, की कंट्रोलर वैतागून तिलाच बाहेर काढतो.

मॉडेल नंबर काढलाच आहे तर डेटाशीटमधल्या आणखी दोन ओळी वाचा. एक, वर्षाचं कामाचं ओझं. बॅराकुडाला वर्षाला ५५ टीबी, आयर्नवुल्फला १८०, एक्सॉसला ५५०. हे वाचणं-लिहिणं दोन्ही धरून. दुसरी ओळ वॉरंटीची. अनुक्रमे दोन, तीन, पाच वर्षं. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे हे त्या आकड्यात कळतं, यूट्यूबवरच्या रिव्ह्यूची गरज पडत नाही.

"सील पॅक आहे, नवीच आहे"

नेरूळचे एक काका, रिटायर झालेले. घरातले जुने अल्बम आणि कॅसेटवरची गाणी संगणकात चढवण्याचं काम त्यांनी हौसेनं काढलंय. एका ओळखीच्याकडून १२ टीबीची, सर्व्हरमध्ये वापरतात तसली डिस्क बाजारभावाच्या जवळपास अर्ध्या किमतीत घेतली. रोख दिले, बिल नाही. अँटिस्टॅटिक पिशवी सीलबंद. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर चालू राहिल्याचे तास शून्य. काकांना आणखी काय हवं?

मी डिस्क उजेडात धरली. कडेच्या स्क्रूच्या भोकांत आटे घासलेले, सोनेरी पिनांवर बारीक ओरखडे, लेबलवरची बनावटीची तारीख काही वर्षांपूर्वीची. नवी डिस्क इतकी वर्षं कुठे झोपली होती? मग स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरने डिस्कची फार्म नोंद काढली. सीगेटच्या डिस्कमध्ये ही वेगळी नोंद असते. नेहमीचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) शून्यावर आणणारे पुष्कळांना ही पुसायचं सुचत नाही. तिथे हजारो तास चालल्याची नोंद होती. डेटा सेंटरमधून उतरवलेली, धुऊन-पुसून पिशवीत घातलेली. विकणाऱ्याचं म्हणणं, "टेस्टिंग वॉरंटी आहे ना, काका!" टेस्टिंग वॉरंटी म्हणजे तुम्ही घरी जाऊन लावेपर्यंत.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत अशाच वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. शून्य तास दाखवणाऱ्या त्या डिस्कचं बिंग फार्म नोंदीनेच फोडलं. तेव्हा दुकानातून निघण्याआधी मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. भारतातली वॉरंटी आणि तिची शेवटची तारीख दिसली पाहिजे. "वॉरंटी नाही", "ही डिस्क संगणक बनवणाऱ्या कंपनीला विकलेली आहे" असं काही आलं तर डिस्क काउंटरवर ठेवा आणि घरी या. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करतो, तरी घ्या.

पुल-आउट, म्हणजे जुन्या मशीनमधून काढलेला माल मी स्वतः वापरतो. तो पुल-आउट म्हणून, त्या किमतीत आणि दुसरीकडे प्रत ठेवून. अर्ध्या किमतीत नवी मिळवण्याच्या हव्यासाचं मात्र काही औषध नाही.

आज घेतली, आजच भरली

नवशिक्यांचा हा उतावळेपणा मला सहन होत नाही. डिस्क लावली, क्विक फॉरमॅट मारला आणि दहा वर्षांचे फोटो आत ढकलले. वर मोबाइल आणि जुनी डिस्क लगेच रिकामी.

माझा नेम असा: आधी स्मार्टची लांब चाचणी, मग क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट. ८ टीबीला सेकंदाला १८० एमबीच्या सरासरीने दोन्हींना प्रत्येकी बारा तासांच्या वर लागतात, म्हणून एकेक रात्री लावून झोपायचं. दोन्ही झाल्यावर स्मार्टचे तीन आकडे बघायचे: ०५, सी५, सी६. म्हणजे बदललेले सेक्टर, अडकलेले सेक्टर, न वाचता आलेले सेक्टर. नव्या डिस्कवर यांतला एकही आकडा शून्याच्या वर असला तर सरळ परत. "एकच तर आहे" ही सबब मी ऐकत नाही. सी७ (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी केबल बदला. बहुतेक वेळा डिस्कचा काही दोष नसतो.

महावितरणचा देखभालीचा मेसेज आलेल्या दिवशी ही चाचणी लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. दुसऱ्या मोडवर लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होऊ शकतो आणि दोष डिस्कवर जातो.

लावली, पण दिसतच नाही

दुकानात भांडायला जाण्याआधी एवढं बघा.

डिस्क फिरतच नसेल, हात लावून थरथर जाणवत नसेल आणि ती सर्व्हर वर्गातली असेल, तर गुन्हेगार बहुधा पॉवरची तिसरी पिन. नव्या साटा नियमात या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते आणि जुने एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तिथे कायम ३.३ व्होल्ट देतात. डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) लावली की काम होतं. साधी सेलोटेप नको, तिचा गोंद गरमीत वितळतो. मोलेक्सवरून (एसएमपीएसचा जुना चार पिनांचा कनेक्टर) साटा करणारी केबलही चालते, पण प्लास्टिक ओतून बनवलेला कनेक्टर घेऊ नका. तसले आतून शॉर्ट होऊन जळालेले मी पाहिलेत.

फिरते पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) नाही? मदरबोर्डचं पुस्तक उघडा. पुष्कळ बोर्डांवर एम.२ खाचेत (मदरबोर्डवर सपाट बसणाऱ्या एसएसडीची जागा) एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. पोर्ट बदला. बायोसमध्ये आहे पण विंडोजमध्ये नाही? डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करा आणि जीपीटी निवडा. एमबीआर निवडलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही. आणि ८ टीबीऐवजी ७.२७ दिसतात म्हणून फोन करू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

एकेका ओळीचे

स्वस्त मिळाली म्हणून सर्व्हरच्या वेगळ्या जोडणीची एसएएस डिस्क आणू नका, साध्या मदरबोर्डला ती लागतच नाही.

सीसीटीव्हीसाठीची जांभळी डिस्क पीसीत चालते, पण त्याच किमतीत एनएएसवाली मिळत असेल तर ती घ्या.

७२०० आरपीएमची सर्व्हर डिस्क बेडरूममध्ये ठेवणार असाल तर तिचा आवाज आधी कुठेतरी ऐका.

मोठ्या काही डिस्कना खालची मधली भोकं नसतात. कॅबिनेटच्या ट्रेशी जुळतंय का बघा.

दोन डिस्क चिकटून लावू नका, पुढे पंखा द्या. मे महिन्यात तापमान ५०च्या वर जायला लागलं तर माझ्या लेखी ते जास्त.

RAID म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

ऑनलाइन मागवलेली डिस्क नुसत्या बबलच्या पाकिटात आली तर घेऊच नका. खोक्यात आली तरी डिलिव्हरीवाल्यासमोर, सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढत उघडा. तो घाईत असतो, "मॅडम, नंतर उघडा" म्हणतो. त्याला पाणी द्या आणि दोन मिनिटं थांबवा.