सोलापुरात कुत्र्याचं घर अंगणात बांधायचं तर

घरात वाढलेली कुत्री बाहेर हलवायची असतील तर आधी कॅलेंडर बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. पंख्याखाली झोपणारं कुत्रं त्या दिवसांत अंगणात काढलं तर त्याच्या जिवाशी खेळ होतो. दिवाळीचे फटाके संपले की सुरुवात करावी. म्हणजे ऊन तापेपर्यंत तीन-चार महिने मिळतात आणि त्याचं अंग हळूहळू बाहेरच्या हवेला सरावतं.

सासूबाईंचा दमा वाढला, म्हणून आम्हाला हे करावं लागलं. जुळे सोलापुरात घराच्या मागे थोडी जागा आहे, तिथे आता मैना आणि बंड्या राहतात. मैना कारवानी, बंड्या लॅब्राडोर. दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. कारवानीच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे ती कुडकुडते. लॅब्राडोरला थंडीचं काही नाही, पण मे महिन्यात त्याचे हाल बघवत नाहीत. पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं, लहान पिल्लू किंवा म्हातारं, आजारी कुत्रं असेल तर बाहेर हलवायचा विचारच करू नका. त्यांना घरातच एखादी वेगळी खोली द्या.

जागा ठरवताना सकाळची सावली बघून भुलू नका. दुपारी दोन ते पाच तिथे जाऊन उभं राहा. मावळतीचं ऊन सगळ्यात वाईट, भिंत तापते ती रात्री दहापर्यंत निवत नाही. आमच्याकडे पश्चिमेला कडुनिंब आहे, त्याच्या आडोशाला घर बांधलं. दार उत्तरेला, वर हातभर छज्जा. सोलापूरचा मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरमध्ये पडतो आणि तो वाऱ्यासकट येतो, छज्जा नसेल तर अंथरूण भिजतं. जोतं जमिनीपासून फूटभर उचला. काळ्या मातीत पाणी साचून राहतं.

नुसता पत्रा छपराला घालू नका. परवडत असेल तर लहानसा स्लॅब टाका. पत्राच घालायचा तर त्याच्यावर चार बोटं मोकळी जागा सोडून बांबूचा मांडव करा आणि ज्वारीचा कडबा पसरा. पत्रा आणि कडब्यामधून वारा खेळतो, म्हणून आतली हवा तापत नाही. कडबा होळीच्या सुमाराला चढवायचा आणि पावसाच्या आधी उतरवायचा, नाहीतर तो कुजतो. दिवाळीत वर राहिला तर एखादा बाण पडून पेट घेईल.

खाली शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. सावलीत ती छान गार राहते. झोपायची जागा एवढी हवी की कुत्रं ताठ उभं राहील, गोल फिरेल, पाय ताणून आडवं होईल. बंड्यासाठी चार बाय तीन फूट पुरली. समोर जाळी लावून फिरायला मोकळं अंगण ठेवा, साखळीने बांधून ठेवू नका. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

भिंतींना आतून गुळगुळीत गिलावा करा. हे गोचिडांसाठी. गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारांवर अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला कितीही औषध लावा, फटी तशाच राहिल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. त्यातून येणारा ताप कुत्र्याचा जीवही घेतो. अंथरायला जुनी सोलापुरी चादर चांगली, जाड असते आणि धुऊन टिकते. आठवड्याला गरम पाण्यात धुवायची आणि कडक उन्हात उलटून-पालटून वाळवायची. औषध मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच, वजनाप्रमाणे.

आता हलवायचं कसं. पहिले काही दिवस फक्त जेवण तिथे द्यायचं, दार उघडं ठेवून. घरात ती ज्या चादरीवर झोपायची ती न धुता तिथे अंथरायची, तिला घराचा वास असतो. संध्याकाळचा चहा आपण तिथेच बसून घ्यायचा. मग दुपारची झोप, सगळ्यात शेवटी रात्र. पहिल्या रात्री आमच्या ह्यांनी अंगणात बाज टाकली होती. मैना जाळीला नाक लावून बारीक कुंईकुंई करायची, मध्येच पंजाने एकदा खरवडायची आणि कान टवकारून बघायची, कोणी उठतंय का. रडताना दार उघडायचं नाही, क्षणभर गप्प झाली की लगेच जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवायचा. पण कुत्रं खाणं सोडत असेल, एकसारखी लाळ गाळत असेल, नखं रक्ताळेपर्यंत खरवडत असेल तर तो हट्ट नसतो, भीती असते. मग एक पायरी मागे या.

पाण्याचं भांडं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) किंवा स्टीलचं नको, उन्हात पाणी चटके देतं. सिमेंटची किंवा मातीची जड कुंडी सावलीत ठेवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा कुत्र्यांसाठी एक घागर वेगळी भरून ठेवावी.

एप्रिलपासून जाळीला बारदान टांगून दुपारी त्यावर पाणी मारा. आपली हवा कोरडी, त्यामुळे वारा गार होऊन आत येतो. तरी अकरा ते पाच मी दोघांना मागच्या पडवीत पंख्याखाली घेते, तेवढी सवलत सासूबाईंनीच दिली आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते अंग निववतं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या पुढे गेलं की धोका. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली की सावलीत आणा, अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करून लगेच निघा. तोंडात बळेच पाणी ओतू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

बागेत कण्हेर असेल तर काढून टाका, पिवळीसुद्धा. पान, फूल, बी सगळंच विषारी. भाकरी-दूध चालतं, पण शेंगाचटणीतला लसूण आणि भाजीतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मारतो. द्राक्षं, बेदाणेही नकोत.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाची रात्र येते. तोवर कुत्री बाहेर रुळलेली असली तरी त्या रात्री त्यांना घरात घ्या, खिडक्या लावा आणि दिवा चालू ठेवून जवळ बसा.