कंटकचर्मी शिकायला घेताय? आधी तोंड शोधा

कंटकचर्मी म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांचा संघ. पाच जिवंत वर्ग (तारामासे, ब्रिटल स्टार, सी लिली-फेदर स्टार, सी-अर्चिन, समुद्रकाकड्या), पंचअरीय सममिती (मध्याभोवती पाच सारखे भाग), जलवाहिनी संस्था (नलिकापादांना, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांना, पाणी पुरवणारं नळ्यांचं जाळं), सगळेच्या सगळे समुद्रात राहणारे आणि गोड्या पाण्यात एकही नाही, इतकं तुम्हाला येतंच असं धरून चालते. खरी परीक्षा सुरू होते ती समोर पाच ट्रे मांडून कुणी विचारतं तेव्हा: याची वरची बाजू कोणती? मी बराच काळ इथेच अडकून होते, आणि पुढे ज्यांना शिकवलं त्यांच्यातलेही बहुतेक इथेच अडकताना पाहिले. म्हणून हे एकच सविस्तर सांगते, बाकीचं जाता जाता.

गांडूळ, झुरळ, बेडूक करून आपण कंटकचर्मींकडे येतो. पाठ, पोट, डोकं, शेपूट या चौकटीची सवय झालेली असते. ती इथे पहिल्याच दिवशी सोडून द्या. सोडली नाहीत तर प्रत्येक वर्ग नवा प्राणी वाटेल, पाच आकृत्या पाच वेळा पाठ कराल आणि तोंडी परीक्षेत पाचही एकमेकांत मिसळतील. या संघात भरवशाच्या गोष्टी दोनच. तोंड कुठे आहे ते आणि तोंडापासून निघणारे नलिकापादांचे पाच पट्टे, म्हणजे अँब्युलॅक्रा, कुठून कुठे जातात ते. तोंडाकडची बाजू ओरल, तिच्या उलट अबोरल. प्राणी समुद्रतळावर कसा पडलाय याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता एकेक फिरवून बघा. ताराम‍ाशाचं तोंड खाली, पट्टे हातांच्या खालच्या खोबणीत, मॅड्रिपोराइट, म्हणजे जलवाहिनी संस्थेची चाळणीसारखी तबकडी, पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला. इथवर सगळ्यांना जमतं. ब्रिटल स्टार तसाच दिसतो म्हणून माणूस त्याच्याही पाठीवर मॅड्रिपोराइट शोधत बसतो. तो तिथे नसतो. तोंडाभोवतीच्या ढालीसारख्या तबकड्यांपैकी एक तबकडी म्हणजेच मॅड्रिपोराइट, अर्थात ओरल बाजूला. त्याच्या हाताखाली उघडी खोबण नाही आणि त्याला गुदद्वारही नाही. फेदर स्टार आणि सी लिली तर तोंड वर करून बसतात, गुदद्वारही त्याच पृष्ठावर तोंडाशेजारी. त्यांना मॅड्रिपोराइट नाहीच. त्यांचे नलिकापाद चालायला नव्हे, पाण्यातले अन्नकण पकडायला आहेत.

सगळ्यात जास्त बळी घेतं ते सी-अर्चिन. गोल, काटेरी, तोंड खाली. त्यामुळे तळाचा भाग तेवढा ओरल आणि बाकी सगळी पाठ, असं लिहून मुलं मोकळी होतात. त्याऐवजी हे करा. काटे झडलेलं वाळकं कवच घ्या, खोली अंधारी करा आणि खालच्या मोठ्या भोकातून बारीक टॉर्चचा उजेड आत सोडा. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांच्या जोड्या उजळतात, पाच पट्ट्यांत, तोंडापासून थेट माथ्यापर्यंत. एका नलिकापादाला दोन छिद्रं. म्हणजे ताराम‍ाशाच्या हातांखाली असलेले पट्टे इथे कवचभर वर चढलेत. उमललेलं फूल पाकळ्या वर घेऊन परत कळीसारखं मिटावं, तसे पाच हात वर वळून एकमेकांना जुळलेत अशी कल्पना करा. त्या हिशेबाने जवळजवळ सगळं कवच ओरल ठरतं आणि अबोरल म्हणून माथ्यावरची छोटीशी चकती उरते. त्या चकतीत पाच जनन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये पाच नेत्रक तबकड्या असतात. जनन तबकड्यांपैकी एक भिंगाखाली चाळणीसारखी दिसते, तोच मॅड्रिपोराइट. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की सी-अर्चिनची आकृती पाठ करावी लागत नाही, ती आपोआप काढता येते.

समुद्रकाकडी याच सी-अर्चिनला तोंड-माथा या दिशेने ताणून कुशीवर आडवं केलेलं रूप. तीन पट्टे खाली, दोन वर. तिच्या 'पोटाला' ओरल बाजू म्हणू नका, ओरल टोक पुढे आहे, मिशांसारख्या शुंडकांपाशी. मॅड्रिपोराइट बाहेर शोधू नका, बहुतेक समुद्रकाकड्यांत तो देहगुहेत आत लोंबतो. सँड डॉलर आणि हार्ट अर्चिन हे सी-अर्चिनच, फक्त गुदद्वार माथ्यावरून मागे किंवा खाली सरकलंय, म्हणून त्यांना पुढचं-मागचं टोक आलंय. पाठीवरच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्यांतले नलिकापाद श्वसनाचं काम करतात.

हे असं का, याचं उत्तर अळीत आहे, आणि मला ते फार उशिरा कुणी सांगितलं. अळी द्विपार्श्व सममितीची असते, म्हणजे तिची डावी-उजवी बाजू सारखी. प्रौढाचा आराखडा तिच्या डाव्या बाजूला तयार होतो, डाव्या हायड्रोसीलपासून, म्हणजे अळीतल्या एका पोकळ पिशवीपासून, जलवाहिनी संस्था बनते आणि अळीची डावी बाजू मोठ्या प्राण्याची ओरल बाजू होते. त्यामुळे अळीचं पाठ-पोट प्रौढावर बसवायला जाल तर ते बसणारच नाही. २०२३ साली बॅट स्टार या ताराम‍ाशातल्या जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला. इतर प्राण्यांत डोकं घडवणारी जनुकं याच्या बाह्यस्तरात (बाहेरच्या पेशीथरात) सगळीकडे चालू सापडली, धडाची जवळजवळ नाहीत. तुम्हाला डोकं-धड सापडत नाही यात तुमची बुद्धी कमी पडत नाहीये, एवढं मनाशी पक्कं धरा.

आता काही गोष्टी कडक शब्दांत सांगते. काटेरी दिसतं म्हणून 'बाह्यकंकाल', म्हणजे अंगाबाहेरचा सांगाडा, लिहू नका. तबकड्या मध्यस्तरातून (गर्भाच्या मधल्या पेशीथरातून) बनतात, त्यांच्यावर त्वचा असते, काट्यांवरसुद्धा. हा अंतःकंकाल आहे. नलिकापाद 'निर्वात चोषणाने चिकटतात' हे वाक्य अजून पुस्तकांत आहे, पण चिकटण्याचं मुख्य काम चकतीतून स्रवणारा चिकट पदार्थ करतो आणि सुटण्यासाठी वेगळा स्राव असतो. अ‍ॅस्ट्रोपेक्टेन या तारामाशाच्या नलिकापादांना तर चकतीच नसते, टोकं निमुळती असतात, आणि त्याला गुदद्वारही नाही. समोर अ‍ॅस्ट्रोपेक्टेन ठेवलेला असताना अ‍ॅस्टेरियस या दुसऱ्या तारामाशाची आकृती काढून येणारे दरवर्षी भेटतात. ट्रेमध्ये काय आहे ते बघून काढा.

पाठांतराच्या आद्याक्षरी युक्त्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. मॅड्रिपोराइट, स्टोन कॅनॉल, रिंग कॅनॉल, रेडियल कॅनॉल (प्रत्येक पट्ट्यातली नळी) हा पाण्याच्या वाटेचा क्रम त्यांनी लक्षात राहतो, पण रेडियल कॅनॉल नक्की कुठे आहे हे कळत नाही. ताराम‍ाशात तो अँब्युलॅक्रल अस्थिकांच्या (पट्ट्यातल्या सांगाड्याच्या छोट्या तुकड्यांच्या) बाहेर, खोबणीच्या बाजूला असतो आणि अँप्युला, म्हणजे नलिकापादाची फुगीर पिशवी, आत. सी-अर्चिनमध्ये तो कवचाच्या आत असतो. हा एक फरक नीट समजला की वर्गीकरणाचं निम्मं ओझं उतरतं. मार्गदर्शकाबद्दलही मत पक्कं आहे: विचारल्याबरोबर नाव सांगून टाकणाऱ्यापेक्षा 'तोंड दाखव' म्हणून स्पेसिमन हातात परत देणारा बरा. त्याचा राग येतो, पण सहा महिन्यांनी आठवण त्याचीच येते.

विविधतेचं दडपण घेऊ नका. सुमारे ७,००० जिवंत जाती आहेत, त्या सगळ्या कुणालाच येत नाहीत. जुन्या पुस्तकात सहावा वर्ग दिसला तर घाबरू नका. १९८६ साली न्यूझीलंडजवळ खोल समुद्रात बुडालेल्या लाकडावर सापडलेल्या झायलोप्लॅक्स या प्राण्यासाठी तो केला होता. आता तो ताराम‍ाशांतच धरतात.

समुद्रकाकडीवर काम करायचं असेल तर रंग-आकारावरून नाव ठरवायला जाऊ नका. बरणीत रंग उतरतो, अंग आकसतं. ओळख पटते ती त्वचेतल्या सूक्ष्म अस्थिकांवरून, आणि म्हणूनच नमुना साध्या फॉर्मलिनमध्ये ठेवू नका. फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि कॅल्साइटच्या अस्थिका त्यात विरघळून जातात. प्राणी बरणीत अखंड दिसतो आणि ओळखायला काहीच उरलेलं नसतं; हे नुकसान भरून निघत नाही. सत्तर टक्के इथेनॉल वापरा. स्लाइड करताना त्वचेचा अगदी बारीक तुकडा घ्या, त्यावर ब्लीचचा एक थेंब टाका, मांस विरघळेपर्यंत थांबा, मग ड्रॉपरने पाणी सोडत आणि ओढून घेत दोन-तीनदा हळू धुवा. घाईत ओढलंत तर अस्थिकाच पाण्याबरोबर जातील. ब्लीचजवळ आम्ल आणू नका आणि खिडकी उघडी ठेवा. मेज, बटणं, काड्या असे आकार दिसतील. सिनॅप्टिड कुळात तर चक्क जहाजाच्या नांगरासारखे. पाठ, पोट आणि शुंडकं यांचे तुकडे वेगवेगळे घ्या, कारण तिन्हीकडच्या अस्थिका सारख्या नसतात, आणि प्रत्येक स्लाइडवर तुकडा कुठला ते त्याच क्षणी लिहा.